तारांगिरे की मन्यारा?

उत्तर टांझानियाच्या कुठल्याही सहलीचा कार्यक्रम उघडून बघा. सेरेंगेटीचं माळरान आणि गोरोंगोरोचं विवर ठरलेलंच असतं, त्यावर कुणी वाद घालत नाही. वाद असतो तो आरुशा शहरातून निघाल्यानंतरच्या पहिल्या टप्प्याचा. तिथे बऱ्याच कंपन्या ‘तारांगिरे किंवा लेक मन्यारा’ एवढं लिहून मोकळ्या होतात. दोन्ही राष्ट्रीय उद्यानं एकमेकांपासून दीडेक तासावर, प्रवेशशुल्कही सारखंच. परवाना मात्र एकाच उद्यानाचा, चोवीस तासांचा आणि एकदाच आत शिरण्याचा. दोन्ही बघायची तर दोनदा पैसे: परदेशी प्रौढाला ऐन हंगामात पन्नास डॉलर, वर अठरा टक्के व्हॅट. चार माणसांचा हिशेब केला की निवड करावीशी वाटू लागते.

आमच्यात दादा कॅमेरावाला. त्याला हत्ती हवे होते, तेही कळपाने. आई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, तिला झाडं आणि पक्षी. वहिनीची अट एकच: बाथरूम कुठे आणि किती वेळाने, ते आधी सांगा. मी नकाशा मांडीवर घेऊन सगळ्यांच्या मधे. महिना सप्टेंबर, म्हणजे तिकडचा कोरडा हंगाम भरात आलेला.

शुक्रवार, आरुशा

किलिमांजारो विमानतळावर किलिमांजारो दिसला नाही, ढगात होता. सामानाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. टांझानियात जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि ती पाहुण्यांनाही लागू आहे. आईने थेपले, मेतकूट, दाण्याची चटणी सगळं मुंबईतच स्टीलच्या डब्यांत भरलं होतं, त्यामुळे निभावलं. थेपले आणायची तशी फार गरजही नव्हती. आरुशात गुजराती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत, शाकाहारी जेवण सहज मिळतं.

संध्याकाळी आमचा ड्रायव्हर-गाईड भेटायला आला. दादाने त्याला विचारलं, दोनातलं चांगलं कुठलं? तो म्हणाला, “साहेब, आधी महिना सांगा, मग उद्यान सांगतो.”

मग त्याने जे समजावलं ते कुठल्याच माहितीपत्रकात इतकं सरळ सापडलं नव्हतं. तारांगिरेचं सगळं गणित एका नदीभोवती आहे. पावसाळ्यात आजूबाजूच्या माळरानावर जागोजागी पाणी असतं आणि पूर्वेकडच्या सिमांजिरोच्या माळावरचं गवत तेव्हा कसदार असतं. त्यात फॉस्फरससारखी खनिजं भरपूर, ती दूध पाजणाऱ्या माद्यांना लागतात. म्हणून साधारण नोव्हेंबरपासून विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी हरणं) आणि झेब्रे उद्यान सोडून तिकडे जातात, हत्तीही पांगतात. पाऊस संपला, माळ वाळला की सगळे पुन्हा नदीकडे. जून ते ऑक्टोबर तारांगिरेत जी गर्दी दिसते ती या परतलेल्यांची. मन्याराला असा उलटापालट होणारा हंगाम नाही. तिथलं जंगल जमिनीखालून येणाऱ्या पाण्यावर जगतं, त्यामुळे ते बारा महिने हिरवं. बदलतं ते तळं.

“सप्टेंबरात तारांगिरे सोडून मन्याराला जायचं,” तो म्हणाला, “असं मी तरी कुणाला सांगणार नाही.” दादाने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. आईने शांतपणे विचारलं, “आणि मन्याराला किती वेळ पुरतो?” अर्धा दिवस, असं उत्तर आलं. गोरोंगोरोच्या अलीकडच्या करातू गावाला जाताना वाटेतच पडतं. मग ठरलं. तारांगिरेला पूर्ण दिवस द्यायचा, रात्री उद्यानाबाहेर राहायचं, दुसऱ्या दिवशी मन्याराचं वेगळं तिकीट काढायचं. पैशांचा विषय वहिनीने स्वतः मिटवला: इतक्या लांब येऊन चहाच्या टपरीवर करतो तशी घासाघीस करू नका.

शनिवार, तारांगिरे

आरुशाहून नैर्ऋत्येला जाणारा रस्ता गुळगुळीत आहे, पण दर वस्तीला ताशी पन्नासची पाटी आणि पाटीनंतर पोलीस. मकुयुनीला फाटा लागतो. उजवीकडे वळलं की मन्यारा आणि गोरोंगोरो, सरळ गेलं की तारांगिरे. दोन्ही बाजूंना मासाई लोकांची खिल्लारं, लाल शाल पांघरलेली पोरं आणि वाड्यांभोवती कुंपण. एका कुंपणाजवळ गाडी हळू झाली तशी आई ओरडली, “अगं, हा तर शेर!” खरंच शेर होता, आपल्याकडे बांधावर लावतात तोच, तोडला की पांढरा चीक येणारा. तो मूळचा आफ्रिकेतलाच.

उद्यानाच्या दारातच दुसरी ओळखीची खूण. गोरखचिंच. मुंबईकरांनी ती राणीच्या बागेत किंवा वसईला पाहिलेली असते, मांडूला गेलेल्यांनी तिची फळं विकत घेतलेली असतात. पण आपल्याकडे ती एकटीदुकटी, कुणीतरी परदेशातून आणून लावलेली, म्हणून पाटी लावून जपलेली. इथे डोंगरउतारावर नजर जाईल तिथे गोरखचिंचा. सप्टेंबरात पानं नाहीत, नुसती करडी खोडं आणि वर वेड्यावाकड्या फांद्या. आईने दारातच पहिला अर्धा तास घेतला. दादा घड्याळ बघत होता.

खोडांकडे नीट पाहिलं तर साधारण हत्तीच्या सोंडेच्या उंचीपर्यंत साल सोललेली दिसते. काही झाडांना आरपार भोकं. गोरखचिंचेचं लाकूड लाकूड म्हणावं असं नसतंच, आत ओलसर, तंतुमय भुसा असतो. कडक उन्हाळ्यात हत्ती सुळ्यांनी खोड फोडून तो चघळतात. एवढं सोसूनही झाड पुन्हा साल धरतं. एका पोकळ खोडात पूर्वी चोरटे शिकारी लपायचे म्हणतात. आत डोकावता येतं, आमच्या उंचीची सात-आठ माणसं सहज मावतील.

मग नदी. नाव मोठं आणि पात्रात बरीचशी वाळू, मधूनच पाण्याची पट्टी. काठावरून खाली बघताना आधी मोजायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. हत्तींचा एक कळप पाण्यात, एक चढणीवर, पलीकडच्या झाडीतून तिसरा येतोय. त्यांच्यामध्ये झेब्रे, विल्डबीस्ट, वॉटरबक. दादा एकदम गप्प झाला होता.

आमच्या अगदी जवळ एक हत्तीण वाळू उकरत होती. शेजारी वाहतं पाणी असताना हे कशाला, असं मला वाटलं. गाईड म्हणाला, वरचं पाणी खारट आणि गढूळ, वाळूतून झिरपलेलं चांगलं. ती पुढच्या पायाच्या नखांनी वाळू मागे ओढायची, मग सोंडेचं टोक खड्ड्यात घालून ओली वाळू उचलून बाजूला टाकायची. हे पुन्हापुन्हा. खड्डा सोंडेएवढा खोल झाल्यावर ती थांबली, खाली पाणी जमू दिलं. पहिली सोंड भरून बाहेर फुंकून टाकली. दुसरी प्यायली. तिच्या पोटाखाली उभ्या पिल्लाची सोंड खड्ड्याच्या तळापर्यंत पोचेना. ते गुडघे टेकून, मान वाकडी करून बघत होतं, कडा ढासळवत होतं, आणि ती दर वेळी मागच्या पायाने त्याला बाजूला सारत होती. दोन इंपाला हरणं थोड्या अंतरावर उभी. हत्ती गेले की त्या खड्ड्यावर त्यांचा नंबर. आम्ही तिथे इतका वेळ थांबलो की मागून आलेल्या तीन गाड्या कंटाळून पुढे गेल्या.

तारांगिरेच्या हत्तींवर १९९३ पासून सलग अभ्यास चालू आहे. चार्ल्स फोली यांनी तो सुरू केला. नेमक्या त्याच वर्षी इथे मोठा दुष्काळ पडला आणि नऊ महिन्यांत ८१ पिल्लांपैकी १६ दगावली. एरवी हे प्रमाण अगदी नगण्य असतं. अभ्यासकांच्या लक्षात आलं की जे कळप उद्यान सोडून बाहेर गेले त्यांची पिल्लं जास्त वाचली. ज्या कळपांत वयस्क हत्तिणी होत्या त्यांचाही निभाव चांगला लागला. यापूर्वीचा तसा दुष्काळ १९५८ ते १९६१ मधला होता. तेव्हा पाणी कुठे मिळालं हे म्हाताऱ्यांना आठवत असावं, असा त्यांचा तर्क. आईला हे भलतंच आवडलं. पुढचा रस्ता कुठला घ्यायचा यावर ती त्यानंतर जरा जास्तच ठामपणे बोलू लागली.

आता तारांगिरेचा जाच. झाडीत शिरलो आणि त्सेत्से माश्या आत आल्या. डास चावतो ते नंतर कळतं, ही चावली की त्याच क्षणी कळतं, जीन्समधूनही. झाडांना मधूनमधून निळ्या-काळ्या कापडाचे झेंडे टांगलेले असतात. या माश्यांना गडद निळा आणि काळा रंग खेचून घेतो, म्हणून ते औषध लावलेले सापळे. वहिनीने हे मुंबईत वाचून ठेवलं होतं आणि सगळ्यांना मातकट रंगाचे कपडे घ्यायला लावले होते. दादाने ऐकलं नव्हतं. त्याचा टीशर्ट नेव्ही ब्लू. माश्यांनी त्याला पुरता ओळखला. छत उघडं ठेवून फोटो काढायचे की बंद करून जीव वाचवायचा, यावर तो आणि वहिनी बराच वेळ बोलत होते, ते इथे देत नाही.

जेवायला नदीकाठच्या मतेते या जागी थांबलो. बाकडी आहेत, स्वच्छतागृह आहे आणि लहान वानरं आहेत, काळ्या तोंडाची व्हर्वेट. त्यांना खायला घालायला बंदी आहे, पण त्यांना कुणी ते सांगितलेलं नाही. चटणीचा डबा एकाने उघडा पळवला, हुंगला आणि तिखट लागल्यावर जमिनीवर ठेवून निघून गेला. स्वच्छतागृहं फाटकावर आणि अशा ठरावीक जागीच आहेत. उद्यान २,८५० चौरस किलोमीटरचं, दोन जागांमधलं अंतर बरंच. बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर हे तिकिटाच्या किमतीइतकंच महत्त्वाचं धरा.

दुपारी सिलाले दलदलीपर्यंत गेलो. सगळं वाळलेलं असताना मधेच हिरवागार सपाट पट्टा, त्यात पोटापर्यंत बुडालेले हत्ती आणि रानम्हशींचा मोठा कळप. वाटेत एका वारुळाच्या भोकातून ठेंगणी मुंगसं डोकी काढून बघत होती. एका बाभळीखाली सिंहिणी झोपलेल्या दिसल्या, भोवती गाड्यांचा गराडा. पाच मिनिटांत पुढे झालो, झोपलेली मांजरं फार वेळ बघवत नाहीत. गेंडे इथे नाहीत, चोरट्या शिकारीत संपले. सहा वाजायच्या आत फाटकाबाहेर. वहिनीच्या केसांतून अंगणभर धूळ झडली.

रविवार, मन्यारा

सकाळी आलो त्याच रस्त्याने उलटं मकुयुनीपर्यंत. वाटेतला क्वाकुचिन्जाचा पट्टा नकाशावर दोन हिरव्या डागांमधली पांढरी जागा म्हणून दिसतो. प्रत्यक्षात तो प्राण्यांचा जुना रस्ता आहे. तारांगिरे आणि मन्यारा यांच्यात जनावरं याच वाटेने येत-जात आली आहेत. आता मधे डांबरी रस्ता, शेतं, दुकानं, वाढती वस्ती, आणि वाट अरुंद होत चाललेली. आम्हाला तिथे रस्त्यालगत जिराफ दिसले. मोटारसायकलवाले त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते.

म्तो वा म्बू हे मन्याराच्या तोंडाशी असलेलं गाव. कड्याखाली पाणी भरपूर म्हणून भातशेती, केळीच्या बागा, देशभरातून येऊन स्थायिक झालेली माणसं. लाल सालीची केळी घेतली. आईने गोरखचिंचेच्या बियांना साखर आणि लाल रंग लावून केलेल्या गोळ्याही घेतल्या, आंबटगोड. उद्यानाच्या फाटकावर उतरलो तेव्हा सगळ्यांच्या जिभा लाल.

मन्यारात शिरल्यावर पहिली पाच मिनिटं डोळे सवय करून घेतात. काल दिवसभर करडं आणि पिवळं, आज एकदम दाट सावली. भल्यामोठ्या उंबराच्या जातीची झाडं, महोगनी, चिंच, आणि चाकाखालून झुळझुळणारे ओहोळ. हे पावसाचं जंगल नव्हे, इथे पाऊस बेताचाच. वरच्या गोरोंगोरोच्या डोंगराळ भागात पडलेलं पाणी ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकात मुरतं आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर येतं. त्यावर हे जंगल उभं आहे. पश्चिमेला तो कडा, महाखचदरीची (ग्रेट रिफ्ट व्हॅलीची) भिंत, सरळ वर गेलेला. पूर्वेला तळं. मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता.

आणि वर गोंगाट. रुपेरी गालांचे धनेश, काळे-पांढरे, चोचीवर मोठं शिंग. आपल्या कोकणातले धनेश ज्यांनी ऐकलेत त्यांना पंखांचा तो वाफेच्या इंजिनासारखा आवाज लगेच ओळखता येईल. आई छतातून बाहेर, दुर्बीण डोळ्यांना, तोंडाने जातींची नावं. निळ्या माकडांची जोडी पानांत. रस्त्यात बबूनचा कळप बसलेला, म्हातारे, तान्ही पोरं, उवा काढणं, भांडणं, सगळं गाडीच्या बॉनेटपुढे. कालचं दृश्य दूरवर पसरलेलं होतं, इथे सगळं हातभर अंतरावर.

हत्तीही भेटला, वळणावर, एकटा नर. झाडीत होता, फांदी मोडल्याचा आवाज आला म्हणून कळलं. गाईडने इंजिन बंद केलं. हत्तीने कान पसरून आमच्याकडे पाहिलं, तेव्हा उजव्या कानाची कड दोन जागी फाटलेली दिसली. कानांच्या अशाच खाचांवरून इथला एकेक हत्ती ओळखून इयन डग्लस-हॅमिल्टन यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जंगली हत्तींच्या वागण्याचा अभ्यास केला. त्या काळी मन्यारात हत्तींची दाटी होती. पुढे हस्तिदंतासाठी झालेल्या शिकारीत ती विरळ झाली. दादाने कालच्या शेकडो फोटोंनंतर या एकाचे वीसेक काढले आणि संध्याकाळी त्यातलेच आधी दाखवले, हे मी नोंदवून ठेवते.

तळ्याबद्दल मात्र अपेक्षा बेताच्या ठेवा. मन्याराच्या जाहिरातीतले गुलाबी रोहित पक्षी तळ्याच्या मर्जीवर असतात. उथळ, खारं, बाहेर जायला वाट नसलेलं पाणी. पाऊस जास्त झाला की खारेपणा उतरतो, रोहितांचं खाद्य कमी होतं आणि ते दुसऱ्या तळ्यावर जातात. २०१९-२० च्या मोठ्या पावसांत तळं इतकं फुगलं की काठची झाडं पाण्यात उभी राहून मेली. त्यांचे सांगाडे अजून दिसतात. आम्हाला रोहित दिसले ते क्षितिजावरची गुलाबी रेघ म्हणून. जवळ होते झोळीवाले (पेलिकन), पिवळ्या चोचीचे बलाक, आणि पाणघोडे, नुसते कान आणि नाकपुड्या.

झाडावर चढणाऱ्या सिंहांचं विचाराल, तर नाही दिसले. मन्याराची ती ख्याती आहे, पण त्यांच्यासाठी म्हणून मन्यारा निवडू नये. तारांगिरेतले सिंहही झाडावर चढतात. माश्या, उकाडा, वारा, अशी कारणं सांगतात, कालच्या माश्या आठवून मला ती पटली. दक्षिण टोकाला गरम पाण्याचे झरे आहेत, तिथवर जायला वेळ नव्हता. झाडांच्या शेंड्यांतून जाणारा झुलता पूल आहे, त्याचे पैसे वेगळे. आई गेली, मी तिच्यामागे कठडा धरून.

दोनच्या सुमारास वहिनी म्हणाली, आजचा दिवस माणसांसाठी केलेला आहे. फेरी छोटी, धूळ कमी, माश्या जवळजवळ नाहीत, सावली सगळीकडे.

सोमवार, करातूहून पुढे

कडा चढताना एका वळणावर मन्याराचं तळं अख्खं दिसतं, तिथे सगळ्या गाड्या थांबतात. त्यावर करातूची लाल माती, कॉफीचे मळे आणि रात्री चक्क गारठा. पहाटे गोरोंगोरोच्या विवराकडे निघालो. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

परतल्यावर मावसबहिणीचा फोन आला. ती मार्चअखेर जाते आहे, शाळेला सुट्टी लागल्या लागल्या, आठ आणि पाच वर्षांच्या मुलांना घेऊन. हाती एकच दिवस. मी तिला मन्यारा सांगितलं. पावसात तारांगिरेतली जनावरं पांगलेली असणार, गवत उंच, फेऱ्या लांब. मुलांना बबून आणि पाणघोडे पुरतात, आणि पाच वर्षांच्या पोराला दिवसभर गाडीत डांबण्यापेक्षा अर्ध्या दिवसात हॉटेलवर परत आणता येतं. दादाला हे कळलं. तेव्हापासून तो तिला रोज सकाळी तारांगिरेच्या हत्तींचे फोटो पाठवतो आहे. तिने अजून पैसे भरलेले नाहीत.